एक लाख तेरा

साक्रीच्या शाळेत दर शनिवारी शेवटचा तास आकडा फोडण्याचा असे. पितांबर आबा मास्तरकीतून निवृत्त झाले होते, तरी या तासाला हजर असत. एखादं मूल मोठा आकडा घेऊन येई. बाकीची मुलं भिंतीवरच्या तक्त्यातल्या मूळ संख्यांनी, दोनपासून सत्त्याण्णवपर्यंत, त्याला भागून पाहत. कशानेच पुरता भाग गेला नाही, तर तो आकडा ‘हट्टी’ ठरे. मग आबा तो व्हरांड्याच्या भिंतीवर गेरूने लिहीत, शेजारी आणणाऱ्याचं नाव. १,००,०१३ हा धनसिंगचा.

नरडाण्याहून नवीन आलेली सुगंधा एका शनिवारी तो आकडा पाटीवर मांडून उभी राहिली. “आबा, हाई हट्टी नही शे. एकशे तीनना भाग जास.”

“आते नरडाणावाली आबाले शिकाडी,” धनसिंग म्हणाला. वर्ग हसला.

“मी स्वतः तपासलाय, पोरी. बस खाली.”

ती बसली, आणि बसता बसता तिने पाटी तळहाताने पुसून टाकली. आबांनी ते पाहिलं. पाटी न बघताच आपण तिला बसवलं. आता ही पुन्हा उठायची नाही. त्यांनी खिशातल्या चिठोऱ्यावर भागाकार मांडला. ९७१. बाकी शून्य.

घंटेला पाच मिनिटं होती. गप्प राहिले असते, तर वर्गातल्या कुणाला कळलंही नसतं. आबा उठले आणि फळ्यावर लिहिलं: १०३ × ९७१.

“सगळ्यांनी गुणाकार करा.”

धनसिंगचाच आधी झाला. उत्तर आलं १,००,०१३.

“सुगंधा बरोबर होती, मी चुकलो,” आबा म्हणाले. “पण पोरी, तू सत्त्याण्णवपाशी का थांबली नाहीस?”

“आमना गावनी शाळामा तक्ताच नव्हता, आबा. कोठे थांबानं, मालूम नव्हतं.”

आबांनी तक्त्याकडे पाहिलं. इतकी वर्षं तक्ता संपला की ते थांबत आले होते.

“सत्त्याण्णवने भागलं तेव्हा भागाकार किती होता?”

“एक हजार एकतीस, बाकी सहा,” धनसिंग पुटपुटला.

“म्हणजे भाजकापेक्षा कितीतरी मोठा. भाजक वाढत जातो, भागाकार घटत जातो. दोघं जिथे भेटतात, तिथवर जायचं. इथे ती जागा तीनशे सोळाच्या आसपास आहे. तिथवर लहान जोडीदार मिळाला नाही, तर मोठाही मिळायचा नाही. दहा हजारांच्या आत आपला तक्ता पुरतो. त्यावर नाही.”

“मंग मना आकडा पुसशात का?” धनसिंगने विचारलं.

“पुसायचा कशाला? त्याचे दोन्ही भाजक शेजारी लिहू. आणि फोडणारीचं नाव.”

घंटा झाली, पण कुणी दप्तर उचललं नाही. भिंतीवर दहा हजारांच्या वरचे आणखी सहा आकडे होते. आबांनी पाच वाटून दिले. “हा राहिलेला तू घे, सुगंधा.”

ती उठून फळ्यापाशी आली, खडू उचलला आणि आबांच्याच हातात दिला.

“तुम्ही भागा, आबा. मी तपासस.”