भाकरीतली साखर

दचकू नका. चुलीजवळून आवाज आला तो माझाच. मी काठवट बोलतेय. लाकडाची, गोल, खोलगट, जिच्यात तुमच्या आया-आज्यांनी जन्मभर पीठ मळलं, ती. आजवर मी कुणाच्या अध्यात नव्हते की मध्यात नव्हते. पण जुन्नरच्या या घरात मी जे पाहिलं, त्यातून मी अजून सावरलेले नाही. म्हणून आज बोलायला बसले.

मूळची मी मढची. तिथल्या डोंगरउतारावर शिवणीचं एक झाड वादळात आडवं झालं. भिमाजी नावाच्या माणसानं त्याचा बुंधा तासला, वाकसानं कोरून कोरून मला पोट दिलं आणि काठ गुळगुळीत केला. त्याची बायको साळुबाई मोठी चिकित्सक. तिनं आधी माझ्यात नाचणीचं पीठ मळून पाहिलं, भाकरी थापून पाहिली आणि मगच म्हणाली, "चांगली झालीया. पीठ धरून ठेवत न्हाई."

जुन्नरच्या बाजारात ती मला डोक्यावर घेऊन आली आणि बसली ती नेमकी कासम मन्याराच्या बांगड्यांच्या दुकानासमोर. कासमनं तिचे दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरले आणि बदल्यात मला उचलून घरी आणलं. अशी मी डोंगरातून शहरात आले. जुन्नरला शहर म्हटलं की पुण्याची माणसं हसतात म्हणे. हसू देत बापडी.

घरात माणसं तीन. कासम, त्याची आई कमरजहाँ, जिला सारा मोहल्ला अम्मा म्हणायचा, आणि कासमची बायको बिबिजान. बिबिजान आळे गावची लेक. चांगली अंगानं भरलेली, हसरी. ती पीठ मळायला बसली की तळहाताच्या दाबानं मी करकरायचे. बांगड्या तिच्या मनगटात इतक्या घट्ट रुतलेल्या, की पीठ मळताना हलायच्यासुद्धा नाहीत. आयाबाया म्हणायच्या, "कासमभाईची बरकत बायकोच्या अंगावर दिसती." त्या काळी ती शाबासकी होती.

आणि अंग भरणार नाही तर काय होईल? वाढायला अम्मा. बाजरीची गरम भाकरी, तिच्यावर तूप, शेजारी गुळाचा खडा, वर उरलेला भात. अम्माच्या घरात 'नको' याचा अर्थ 'अजून एक वाढा' असाच होता. मला तर याचा भारी अभिमान. या घराचं सुख माझ्या पोटातून निघतं, अशी माझी ठाम समजूत होती. गर्वाचं घर खाली म्हणतात, ते काही उगीच नाही.

एके दिवशी फुटक्या बांगडीची काच बिबिजानच्या तळपायात घुसली. मन्याराच्या घरात काच लागणं म्हणजे रोजचंच. काच काढली, हळद भरली, चिंधी बांधली. पण जखम भरेना. कडुनिंबाचा पाला झाला, लेप झाले. पाय सुजला आणि करंगळी काळवंडायला लागली. तेव्हा कासमनं तिला गावातल्या डॉक्टरांकडे नेलं.

परत आली ती थेट चुलीपाशी येऊन बसली. चेहरा पिठासारखा पांढरा.

"अम्मा, डॉक्टरनी लघवी मागितली. तिच्यात निळं औषध घातलं आन् उकळलं, तर विटंवानी लाल झालं. म्हणत्यात, लघवीत साखर हाय. गोड सोडायचं."

"मग सोड की," अम्मा म्हणाली. "गूळ न्हाई खाल्ला म्हणून कोण मरतंय?"

"भातबी सोडायचा. आन् भाकरीबी. अंगबी उतरवायचं."

अम्माच्या हातातली पळी जागच्या जागी थांबली. "भाकरीत कुठली साखर आली? बाजरीची भाकरी हाय ती, जिलबी न्हाई."

"पोटात गेली की तिचीबी साखरच व्हती म्हणं. डॉक्टरांनी लई समजावून सांगितलं. न्हाई सोडली तर पाय कापावा लागंल."

मला पाय नाहीत म्हणून बरं, नाहीतर माझ्याच पायाखालची जमीन सरकली असती. भाकरी वाईट? मग मी इतकी वर्षं काय कालवत होते? ज्या पिठावर माझा एवढा तोरा, तेच या बाईच्या पायाला खात होतं की काय? विठोबाचं देऊळ असो की मशीद, भाकरीविरुद्ध बोललेलं मी कुणाकडून ऐकलं नव्हतं.

बिबिजान मात्र त्याच दिवशी कामाला लागली. सगळ्यांच्या भाकऱ्या थापल्या, हात धुतले आणि स्वतः बसली ती मेथीची भाजी, उकडलेली अंडी आणि वाटीभर दही घेऊन. कासम तिच्या ताटाकडे बघतच राहिला. मग रोज तेच. कधी अंबाडी, कधी चाकवत, मटण शिजलं की नुसते तुकडे आणि रस्सा, मूठभर शेंगदाणे, ताक. भाकरी नाही, भात नाही, गूळ नाही.

सोपं नव्हतं ते. तव्यावरची भाकरी टम्म फुगली आणि तो खरपूस वास सुटला की तिचे डोळे भरून यायचे. एकदा तिनं तुकडा मोडून तोंडापर्यंत नेला होता. दुसऱ्या हातानं माझा काठ गच्च धरला आणि तो तुकडा कोंबड्यांना टाकला. त्या दिवशी मला तिचा फार अभिमान वाटला.

पण लोकांना हे कसं कळावं? आपल्याकडे बाईनं भाकरीला हात लावला नाही की त्याचा एकच अर्थ, ती रुसली. शेजारची सोनीबाई मुद्दाम विस्तव मागायच्या निमित्तानं यायची आणि विचारायची, "कुणाशी भांडलीस गं?" खुद्द कासमलाही वाटलं, आपण ओतूरच्या जत्रेत जास्त दिवस राहिलो म्हणून बायको पथ्याच्या नावाखाली राग काढतेय. त्यानं बिचाऱ्यानं तिच्यासाठी नवी ओढणी आणली. ती तिनं घेतली, भाकरी काही घेतली नाही.

आणि अंग उतरायला लागलं. सगळ्यात आधी कळलं ते मला. माझं करकरणं थांबलं. बांगड्या आधी हलायला लागल्या, मग मनगटावरून खालीवर व्हायला लागल्या. एका सकाळी पीठ मळता मळता एक बांगडी तिच्या हातातून आपोआप निसटली आणि माझ्यातल्या पिठात पडली.

अम्मा समोरच बसली होती. भरल्या घरातल्या बाईची बांगडी हातातून गळून पडणं हा अपशकुन. त्यात नवरा मन्यार. अम्मानं ती बांगडी पिठातून काढली, पुसली आणि पदराआड लपवली. बिबिजान हसून म्हणाली, "अम्मा, हात बारीक झाला, दुसरं काय?" अम्मा हसली नाही.

त्यानंतर जे झालं ते सांगताना अजून माझ्या अंगावर काटा येतो. लाकडाच्या अंगावर काटा म्हणजे काय ते समजून घ्या.

बिबिजान लंगडत लंगडत पाण्याला गेली की अम्मा उठायची. माझ्या तळाला उरलेलं पीठ खरवडून घ्यायची, तव्यावर भाजायची आणि बिबिजानच्या वेगळ्या कालवणात कालवायची. वरून गुळाचा खडा, आणि तो कळू नये म्हणून बचकभर तिखट. मग झाकण ठेवून, काही झालंच नाही अशी माळ ओढत बसायची. पहिल्या दिवशी मला वाटलं, माझ्या समजण्यात काही चूक झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भिंतींना कान असतात म्हणतात. पण तोंड ना भिंतींना ना काठवटीला. मी नुसती बघत राहिले, आणि बिबिजान परत येऊन ते कालवण चवीनं खायची. म्हणायची, "अम्मा, तुमच्या हाताला लई चव आलीया."

तिकडे डॉक्टर चक्रावले. अंग झडतंय, पण औषध उकळलं की लाल ते लालच. जखम ओलीच. त्यांनी बिबिजानला खडसावलं, "तू चोरून खातेस." तिनं शपथ घेतली तरी त्यांचा विश्वास बसेना. शेवटी त्यांनी कासमला सांगितलं, ईदपर्यंत वाट पाहू. त्यानंतर पुण्याला न्यायचं आणि पाय घोट्यापासून काढायचा. त्या दिवशी बिबिजाननं माझ्यात पीठ घेतलं आणि पाणी घालायच्या आधीच ते ओलं झालं. तिचं काही चुकलं नव्हतं, आणि ते तिला स्वतःलाही पटवून देता येत नव्हतं. एवढं सोसूनही पाय जाणार असेल तर हे सगळं कशासाठी, असं ती कुणाला विचारणार?

अशात आळ्याहून तिचा भाऊ शौकत बैलगाडी जुंपून आला. त्याच्या कानावर गेलं होतं, की बहिणीला सासरी उपाशी मारतात. दारात आला, बहिणीकडे पाहिलं आणि तिथंच थबकला. पूर्वीची बिबिजान त्याला तिच्यात सापडेना.

"आपा, गाठोडं बांध," तो म्हणाला. "दुल्हेभाई, माफ करा. पण माझी भन मी अशी सुकून मरू देणार न्हाई. घरी न्हेतो, भात-मलिदा खाऊ घालतो. महिन्याभरात उभी व्हईल."

"अरे, डॉक्टरचं पथ्य हाय," कासम म्हणाला.

"पथ्य का उपासमार? तिला दोन येळची भाकरीबी देत न्हाई तुमी."

हे अम्माच्या जिव्हारी लागलं. या घराच्या चुलीवर बोट ठेवलेलं तिनं आयुष्यात ऐकलं नव्हतं. ती ताडकन उठली.

"उपाशी? माझ्या घरात? अरं, तिनं भाकरी सोडली तवापासून तिच्या कालवणात मी रोज पीठ घालतीया. भाजून, बारीक करून. वर गुळाचा खडा. तिला पत्ता लागू दिला न्हाई. इचार या काठवटीला. आन् तू मला सांगतोस उपासमार?"

बोलताना तिची मान ताठ होती. आपण केवढं मोठं पुण्य केलं, हे तिनं सगळ्यांसमोर सिद्ध केलं होतं. मग तिनं सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं.

कासम आ वासून आईकडे बघत होता. शौकतला काही कळेना. आणि बिबिजान. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. राग नव्हता त्यावर. घरात आलेल्या माणसानं जिच्यावर विसंबावं तीच भिंत अंगावर पडावी, तसा तो चेहरा होता.

"अम्मा," ती हळूच म्हणाली, "म्हणून पाय भरत न्हवता."

अम्मानं सुनेच्या पायाकडे पाहिलं. एकेक गोष्ट तिच्या डोक्यात उतरत गेली, आणि उतरताना मला दिसत गेली. मग ती म्हणाली, "माझी पहिली पोरगी दुष्काळात गेली. भाकरी दे, भाकरी दे म्हणत गेली. घरात पीठ न्हवतं. तू वाळाया लागलीस आन् मला तीच दिसाया लागली, बाळा."

मी या घरात वर्षानुवर्षं होते, पण त्या पोरीबद्दल अम्मा कधी बोलली नव्हती. तिच्यावर रागवावं की तिच्या गळ्यात पडून रडावं, मला कळेना.

अम्मानं डोळे पुसले आणि विचारलं, "मग मी तुला घालू तरी काय?"

"हितं बसा," बिबिजान म्हणाली. "सांगते."

आणि सून सांगत गेली, सासू ऐकत गेली. शौकतची गाडी रिकामीच परत गेली. त्या दिवसापासून अम्मा स्वतः भाजी निवडायची, अंडी उकडायची आणि बिबिजानचं कालवण तिच्या समोर उतरवायची. डॉक्टरांचं औषध लालचं पिवळं झालं, पिवळ्याचं हिरवं झालं आणि ईदच्या तोंडावर निळं ते निळंच राहिलं. करंगळी गेली, तेवढी अम्माच्या मायेनं खाल्लीच. पण पाय राहिला. बिबिजान आता बांगड्यांची पेटी घेऊन नवऱ्याबरोबर पायी बाजाराला जाते.

मी आता म्हातारी झाले. काठाला चीर गेलीय, तिच्यात कासमनं लाख भरलीय. पीठ अजून मळते, पण पूर्वीपेक्षा कमी, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. तुम्ही आग्रहाची माणसं, म्हणून हात जोडून एक सांगते. समोरचा नको म्हणाला तर त्याला रुसलेला समजू नका, आणि त्याच्या ताटात त्याच्या नकळत काही घालू नका. त्याला विचारा. विचारायला जीभ लागते, आणि ती देवानं तुम्हाला दिलीय, मला नाही.

परवाचीच गोष्ट. आळ्याहून पाहुण्या बायका आल्या होत्या. पंगत बसली. बिबिजान नको नको म्हणत असतानाच तिची मावशी तव्यावरची भाकरी घेऊन पुढं आली. "एकच घे गं. एका भाकरीनं काय व्हतंय?" आणि तिनं ती वरून सोडली. पण शेजारी बसलेल्या अम्मानं आपला सुरकुतलेला हात त्याआधीच सुनेच्या ताटावर पसरला होता. भाकरी त्या हातावर पडली.

"न्हाई म्हणलीया ती," अम्मा म्हणाली. "ऐकू आलं न्हाई का तुला?"

भाकरी चांगली चटके देणारी होती. मावशीनं ती उचलून घेईपर्यंत अम्मानं हात हलवला नाही.