सहाव्या रकान्यातलं तळं

आमच्या गावात माणसाला मत कुणाला दिलं म्हणून विचारलं तरी चालतं. शस्त्रक्रिया कशाची झाली म्हणून विचारलं तर तो शर्ट वर करून टाकेही दाखवतो. पण मासा कुठे मिळाला, हे विचारायचं नाही. फारच पोटात दुखत असेल तर ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखं, ‘तिकडे वरच्या बाजूला वारा कसा होता?’ एवढं विचारावं. त्याला उत्तर मिळतं, आणि ऐकणाऱ्याने सावकाश मान हलवायची. ते खोटं असतं आणि खोटं आहे हे दोघांनाही माहीत असतं, म्हणून ते खोट्यात धरत नाहीत. आमच्या पास्टरबाईसुद्धा धरत नाहीत.

मी लॉर्ना. चर्चच्या खालच्या वळणावर माझं आमिषाचं दुकान आहे. जळवा, गांडुळं, जिवंत मासोळ्या, बर्फ आणि कॉफी. शिवाय मी नोटरी आहे. गावातल्या निम्म्या मृत्युपत्रांवर माझा शिक्का आहे, आणि त्यांतल्या बऱ्याच कागदांना जळवांचा वास येतो. कुणी तक्रार केलेली नाही.

व्हर्लिन माझा नवरा. चाळीस वर्षं त्याने शाळेची बस चालवली. बसमधल्या पोरांनी कधी त्याचं ऐकलं नाही आणि घरी मी ऐकलं नाही. रविवारी चर्चमध्ये बायबलमधला उतारा वाचून दाखवायचं काम मात्र त्याच्याकडे होतं. आठवड्यातली ती पाच मिनिटं सगळं गाव त्याच्याकडे तोंड करून गप्प बसायचं. त्या उताऱ्यासाठी तो शनिवारी दोनदा दाढी करायचा.

त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. मत्स्यखातं दरवर्षी एक पुस्तिका काढतं, तिच्या शेवटच्या पानावर राज्यातले विक्रम असतात. माशाची जात, वजन, तळं, धरणाऱ्याचं नाव. बास नावाच्या माशाच्या रांगेत नऊ पौंड अकरा औंस हा आकडा वर्षानुवर्षं ठाण मांडून बसला होता. व्हर्लिन ते पान फाडून बसच्या काचेपाशी लावायचा. म्हणायचा, “तिथे एकदा नाव छापून आलं, की मी मरायला मोकळा.”

“मग लवकर आण,” मी म्हणायची. “गॅरेजमध्ये जागा हवी आहे मला.”

मासे तो आणायचा, तेही चांगले. कुठून, ते एकतीस वर्षांत मलाही सांगितलं नाही. सुरुवातीला मला वाटायचं, बाई असेल. पण बाईकडून परतणाऱ्या माणसाला असा वास येत नाही. मग मी नाद सोडला, पण मनातून राग गेला नाही. लग्नाच्या बायकोपासून माणूस आजार लपवेल, दारू लपवेल. तळं लपवतो?

माझा धाकटा भाऊ डेलमार याला तर व्हर्लिनच्या तळ्याने झपाटलं होतं. त्याच्या डिशपॅन तळ्यावर सहा लाकडी खोल्या आहेत, उन्हाळ्यात पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या. डिशपॅन म्हणजे भांडी घासायचा टब, आणि तळं नावाला जागतं. त्यात बोटभर पर्च आणि चिखलातले मिशाळ मासे. पाहुणे एकदा येतात, पोरं पोहतात, पुन्हा कुणी येत नाही. डेलमार गळ्यात दुर्बीण अडकवून पहाटे व्हर्लिनच्या गाडीमागे लागायचा. गाडी मिळायची, कधी कॅनडाच्या अंगाला, कधी लाकूडतोडीच्या रस्त्यावर, मागे होडी जोडलेली. व्हर्लिन मात्र मिळायचा नाही.

“अगं, तुझा नवरा पाण्यात विरघळतो की काय?” तो मला विचारायचा.

“घरी आल्यावर तरी तसाच असतो,” मी म्हणायची.

मग जूनमधल्या एका मंगळवारी सकाळी आठ वाजता व्हर्लिन दुकानात आला. गुडघ्यापर्यंत ओला, आणि बर्फाची पेटी पोटाशी धरलेली. झाकण उघडून दाखवलं. मी चाळीस वर्षं मासे बघते आहे, तरी हातातला कॉफीचा मग मी गांडुळांच्या डब्यात ठेवला. काळपट सोनेरी, वीतभर रुंद, डोळा लालबुंद. असा बास मी पाहिला नव्हता.

विक्रमासाठी सरकारी तपासणी झालेला काटा लागतो, आणि तो गावात एकाच ठिकाणी आहे, किराणा दुकानात मांसाच्या काउंटरवर. खाटीक ओडेलने कुणाची तरी डुकराची फासळी बाजूला सारली, काटा तीनदा पुसला आणि मासा ठेवला. नऊ पौंड चौदा औंस. ओडेलने टोपी काढली. फासळीवाल्या बाईंनी साक्षीदार म्हणून सही केली आणि फासळी तिथेच विसरून बातमी सांगायला धावल्या.

अर्ध्या तासात माझं दुकान भरलं. डेलमार दुर्बिणीसकट हजर. सगळे मासा बघतात, शिट्टी वाजवतात, आणि कुणीच काही विचारत नाही. डेलमारच्या तोंडावर तर प्रश्न इतका दाटून आला होता, की त्याला पाणी द्यावं लागलं.

“वारा होता का रे?” शेवटी तो म्हणाला.

“थोडा,” व्हर्लिन म्हणाला.

खात्याचा अर्ज माझ्याकडे असतोच. तो शपथेवर भरायचा, नोटरीसमोर सही करायची. नाव, पत्ता, जात, लांबी, वजन इथपर्यंत व्हर्लिनने झरझर लिहिलं. सहाव्या रकान्याशी पेन थांबलं. ‘मासा कोणत्या जलाशयात पकडला.’

“इथे ‘उत्तरेकडचं एक तळं’ लिहिलं तर?” त्याने हळूच विचारलं.

“चालणार नाही.”

“दुसऱ्या एखाद्या तळ्याचं नाव?”

“व्हर्लिन,” मी म्हणाले, “दुकानातल्या गप्पांत तू काय वाटेल ते सांग. पण माझ्या शिक्क्याखाली खोटं लिहिलंस, तर तू तुरुंगात जाशील आणि माझा शिक्का जाईल. आणि तुला डबा द्यायला मी येणार नाही.”

त्याला एका हाताने नाव मिळत होतं आणि दुसऱ्या हाताने तळं जात होतं. पुस्तिका छापून आली की तीन राज्यांतल्या होड्या तिथे येऊन पडणार, हे त्याला कळत होतं. त्याने पेनचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. मला त्याची दया आली, आणि खरं सांगायचं तर उत्सुकतेने माझा जीवही वर-खाली होत होता. एकतीस वर्षं मी या रकान्याची वाट बघत होते.

“सगळ्यांना बाहेर काढ,” तो म्हणाला.

मी सगळ्यांना बाहेर काढलं. डेलमारला दोनदा काढावं लागलं, दुसऱ्यांदा मासोळ्यांच्या टाकीमागून. मग व्हर्लिनने लिहिलं, सही केली, आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

सहाव्या रकान्यात लिहिलं होतं: डिशपॅन.

“आपल्या डेलमारचं?” मी विचारलं.

“पलीकडच्या काठाला, दफनभूमीच्या खाली, पाण्यात खडकाची एक पायरी आहे. तिथे खोल आहे. गाडी लांब कुठेतरी लावायची, जंगलातून चालत यायचं. माझी हलकी होडी, कनू, झाडीत लपवलेली असते. डेलमार माझ्या गाडीमागे गेला की त्याचं तळं मोकळं.” हे सांगताना त्याचे कान लाल झाले होते. “लॉर्ना, आज खरं सांगितलं. पहिल्यांदाच.”

मी शिक्का मारला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मनात म्हणून डेलमारवर पोटभर हसले. ते हसू मला फार दिवस पुरलं नाही.

खात्याचा तरुण अधिकारी आला, मासा तपासला, जात बरोबर, वजन बरोबर. महिन्याभरात नवी पुस्तिका छापून आली. व्हर्लिनचं नाव, नऊ पौंड चौदा औंस, डिशपॅन. त्या सकाळी त्याने नवा शर्ट घातला आणि माझ्या दुकानात येऊन उभा राहिला. त्याला वाटलं, लोक डेलमारच्या धक्क्याकडे धावत सुटतील, आपल्याला शिव्या देतील, हात मिळवतील. सगळ्याची त्याने तयारी केली होती.

सगळं गाव हसत सुटलं. ओडेलने त्याच्या पाठीवर थाप मारली. “डिशपॅन! अरे, सरकारी कागदावर! मानलं बुवा तुला.”

“पण खरंच डिशपॅन आहे,” व्हर्लिन म्हणाला.

“तर! आणि मी खाटीक नाही, नर्तकी आहे.”

एकाही होडीने डिशपॅनकडे तोंड वळवलं नाही. उलट व्हर्लिनची गाडी जिथे जिथे दिसली होती, त्या सगळ्या तळ्यांवर गर्दी झाली. लाकूडतोडीच्या रस्त्यावर तर गाड्या लावायला जागा राहिली नाही. हे लोक मूर्ख नाहीत. कुणी शहाणा माणूस आपलं तळं छापून देईल, यावर विश्वास ठेवण्याइतके तर नक्कीच नाहीत.

डेलमार मात्र चिडला. “थट्टा करायला माझंच तळं मिळालं?” तो दुकानात येऊन ओरडला. “आधीच पाहुणे येत नाहीत, त्यात आता राज्यभर हसं!”

व्हर्लिन उठून त्याच्यासमोर उभा राहिला. “डेलमार, तुझ्या बापाच्या थडग्याची शपथ. त्या थडग्याच्या बरोबर खाली, खडकाच्या पायरीवर. उद्या पहाटे चल, दाखवतो.”

“म्हणजे मी तिथे बसलो की तुझी खरी जागा मोकळी, असंच ना?” डेलमार म्हणाला. “मेलेल्या बापाला तरी यातून सोड रे.”

अधिकाऱ्यानेही कुतूहलापोटी डिशपॅनमध्ये दोन दिवस जाळी लावली. पर्च निघाले, मिशाळ निघाले, आणि डेलमारच्या धक्क्याची एक फळी निघाली. त्याने खांदे उडवले. वजन काट्यावर झालंय, म्हणजे विक्रम पक्का. जागा ही धरणाऱ्याच्या शपथेवर असते, असं म्हणून त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझा शिक्का ड्रॉवरमध्ये टाकावासा वाटला.

पण खरा घाव चर्चमध्ये बसला. पास्टरबाई भल्या आहेत. प्रार्थनेनंतर कॉफीच्या वेळी त्यांनी व्हर्लिनला बाजूला घेतलं. “व्हर्लिन, दुकानातल्या गप्पा वेगळ्या. पण हे शपथेवर होतं ना. काही आठवडे उतारा दुसऱ्या कुणाला वाचू दे. लोक मागे हसतात, मला वाचनात हसू नको आहे.”

“बाई, मी खरं लिहिलंय.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि त्याचा हात दाबला. आजारी माणसाचा दाबतात तसा.

त्या शनिवारी त्याने एकदाही दाढी केली नाही. पुस्तिकेचं पान मी चौकटीत बसवून भिंतीवर लावलं होतं, ते त्याने काढून गॅरेजमध्ये ठेवलं. रात्री जेवताना त्याने एकदाच विचारलं, “तुला तरी पटलंय ना?”

“शिक्का मारलाय ना मी,” मी म्हणाले. हे उत्तर नव्हतं, आणि तो एकतीस वर्षं माझ्याबरोबर राहिलेला माणूस आहे.

“रविवारी सकाळी चल,” तो म्हणाला. “उतारा तर नाहीच वाचायचा.”

म्हणून ऑगस्टच्या एका रविवारी मी, सहासष्ट वर्षांची बाई, दफनभूमीच्या मागून काटेरी झुडपांतून खाली उतरले. झाडीत कनू होती. व्हर्लिनने ती माझ्यासाठी धुऊन ठेवली होती आणि बसायला उशी आणली होती. तो वल्हं मारत होता आणि सांगत होता, इथे पायरी संपते, इथे सावली पडते, इथे त्या मंगळवारी तो लागला. इतकं बोलताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. समोरच्या काठावर डेलमारच्या रिकाम्या खोल्या उन्हात दिसत होत्या.

मी कनूकडे बघत होते. तळाशी पाइनची सुईसारखी पानं साचलेली, एक जुना डबा, सगळं कसं वापरातलं दिसत होतं. आणि माझ्या मनात आलं, जो माणूस एकतीस वर्षं भलत्याच तळ्यावर गाडी लावून जंगलातून चालत जातो, त्याला एक कनू इथे आणून ठेवणं काय अवघड आहे? तो विचार मनात आल्याची मला लाज वाटली. पण तो गेला नाही.

आम्ही दुपारपर्यंत बसलो. त्याने जळवा लावल्या, मासोळ्या लावल्या, जवळचं सगळं लावून पाहिलं. एक पर्च आला, माझ्या करंगळीएवढा. त्याने तो इतक्या हळुवारपणे सोडला, की मला रडू आलं.

मग त्याने गळाची काठी आडवी ठेवली. माझ्याकडे न बघता विचारलं, “लॉर्ना, तुझा विश्वास आहे ना?”

“आहे,” मी म्हणाले. “नऊ पौंड चौदा औंस, इथेच.”

व्हर्लिनने माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश मान हलवली, आमच्या गावात कुणी आपल्या माशाची गोष्ट सांगितली की आम्ही सगळे हलवतो तशी.