वरून गळणारे तेल आणि खाली शोधणारी माणसे

मित्रांनो, प्रस्तुत लेखात मी माझ्या पोटातील तांबड्या तेलाची संपूर्ण हकीकत आरंभापासून अखेरपर्यंत, कोणाचीही भीड न ठेवता, निवेदन करणार आहे. ती वाचताना तुम्हाला कदाचित हसू येईल. मला त्या काळी मुळीच आले नाही.

मी एक जुनी, डोंगर चढणारी मोटारगाडी आहे. माझ्या चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळतो आणि माझे गिअर माझे मीच बदलते. हे काम माझ्या पोटाखाली असलेली एक जड पेटी करते. तिला गिअरबॉक्स असे म्हणतात. त्या पेटीत तांबडे, पातळ तेल असते. माणसाच्या देहात रक्ताचे जे महत्त्व, तेच माझ्या देहात या तेलाचे आहे. एवढे ध्यानात ठेवले की पुढचा सगळा घोळ तुम्हाला उलगडेल.

माझा जन्म एका प्रचंड कारखान्यात झाला. माझी पहिली नोकरी रस्त्यांची मोजणी करणाऱ्या खात्यात होती. दगडगोटे, चिखल, ओढ्यांची पात्रे यांतून मी दुर्बिणी आणि साखळ्या वाहिल्या. खात्याचे साहेब माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणत, "हिला फक्त चढ दाखवा, बाकीचं ती बघते." पुढे नव्या गाड्या आल्या आणि मला कार्यालयाच्या मागील आवारात मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी उभे करण्यात आले. बॅटरीने मान टाकली, टायर बसले, सीटखाली उंदरांनी संसार थाटला. येणारा-जाणारा माझ्या अंगावरील धुळीत बोटाने आपले नाव लिहून जाई, परंतु ती धूळ पुसण्याची बुद्धी एकालाही झाली नाही.

अशा अवस्थेत मला एका परिचारिकेने विकत घेतले. सर्व लोक तिला सिस्टरबाई म्हणत. नदीपलीकडील डोंगरावर तीन वस्त्या होत्या. तेथे दवाखाना नव्हता आणि दवाखान्याची गाडी तो चढ चढत नसे. म्हणून सिस्टरबाई दर आठवड्याला औषधे आणि लसींची थंड पेटी घेऊन मजबरोबर तेथे जात. सर्वांत वरच्या वस्तीतील एक आजीबाई मला प्रथम पाहून म्हणाल्या, "चढाला कशी चिकटून राहिलीये बघा. घोरपड आहे नुसती." तेव्हापासून माझे तेच नाव पडले. मला त्याचा राग आला नाही. कामावरून मिळालेले नाव वाईट नसते.

आता मी ज्यांच्यामुळे हा लेख लिहिण्याची पाळी आली त्या गृहस्थांकडे वळते. ते म्हणजे सिस्टरबाईंचे यजमान. त्यांनी उभी हयात एका कापडगिरणीत बॉयलर सांभाळण्यात घालवली होती, म्हणून गल्ली त्यांना बॉयलरकाका म्हणे. बॉयलरला एक काचेची नळी असते, तीत आतील पाण्याची पातळी दिसते. पाणी खुणेखाली गेले की धोका. म्हणून कामावर पाऊल ठेवताच प्रथम नळी पाहायची आणि पातळी कमी दिसली की पाणी सोडायचे, असा त्यांचा नेम होता. नोकरी संपली, परंतु नेम संपला नाही. घरातील पाण्याचा माठ, मिठाचा डबा, देव्हाऱ्यातील दिव्याचे तेल, काहीही थोडे उणे दिसले की काका ते काठोकाठ भरीत. सिस्टरबाई अर्धा कप चहा पिऊन फोन घ्यायला उठत आणि परत येईपर्यंत कप पुन्हा भरलेला असे.

"अहो, मी किती चहा प्याले ते मला तरी कळू द्या," असे त्या म्हणत.

"कमी दिसला म्हणून ओतला," काका म्हणत.

आणि मित्रांनो, अशा माणसाच्या हाती माझ्या तेलाची पट्टी आली.

ही पट्टी बॉनेटखाली असते. ती बाहेर काढून तेल कोठवर आहे ते पाहतात. तिच्यावर दोन खुणा आहेत. गाडी गार असताना तेल खालच्या खुणेवर असावे आणि खूप चालून तापल्यावर वरच्या खुणेवर, कारण तापले की तेल फुगते. खुणांशेजारची अक्षरे झिजून केव्हाच नाहीशी झाली होती. गॅरेजच्या मिस्त्रींनी काकांना सांगितले होते, "इंजिन चालू ठेवून बघायचं, काका." एवढेच. काकांनी उरलेला अर्थ स्वतःच लावला. खालची खूण म्हणजे धोका आणि वरची खूण म्हणजे निर्धास्तपणा. रोज सकाळी ते गार इंजिन चालू करीत, पट्टी पाहत, चुकचुकत आणि नरसाळे लावून तेल वरच्या खुणेपर्यंत आणून ठेवीत. नंतर मायेने माझा दिवा पुसत.

पुढे काय होई ते ऐका. मी चालू लागले की ते जास्तीचे तेल तापे, फुगे, फिरणाऱ्या चक्रांत घुसळून त्याला फेस येई. माझ्या पेटीच्या माथ्यावर आतील हवा बाहेर जाण्यासाठी एक बारीक नळी आहे. तेथून तो फेस बाहेर पडे, पेटीच्या पाठीवरून ओघळे आणि वाऱ्याने मागे जाऊन शेपटाकडून ठिबके. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात तांबडा डाग. डाग पाहून काका कळवळत आणि आणखी तेल ओतीत. मला वाचा असती तर मी त्या अंगणात एवढ्या मोठ्याने ओरडले असते की शेजाऱ्यांची कौले हलली असती. परंतु मला फक्त हॉर्न आहे, आणि तोही दुसऱ्याने दाबावा लागतो.

मला मिस्त्रींकडे नेण्यात आले. ते पाठीवर झोपून माझ्याखाली शिरले, शेपटाजवळ बोट लावले आणि बोट हुंगून पाहिले.

"मागचं सील गेलंय," ते आतूनच म्हणाले.

मागचे सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, उत्तम होते. तरीही ते काढून नवे बसवले. मिस्त्रींनी स्वतःच्या हिशेबाने, गाडी तापवून, तेल बरोबर भरले, लांब फेरी मारली आणि सिस्टरबाईंना खाली वाकायला लावले. "बघा ताई. कोरडी ठणठणीत."

मी खरोखरच कोरडी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी काका नरसाळे घेऊन आले.

आठवडा उलटतो न उलटतो तोच मी पुन्हा गॅरेजात. आता मिस्त्रींना पेटीच्या तळाचे पॅकिंग संशयित वाटले. ते बदलले. कोरडी. घरी गेले, ओली. मग रेडिएटरकडे जाणाऱ्या नळ्या बदलल्या. गॅरेजात कोरडी, अंगणात ओली. जो तो वाकून खाली पाही. डाग खाली, म्हणून दोष खाली, असा त्यांचा न्याय होता. मान वर करून पेटीचा माथा पाहावा असे कोणालाही वाटेना.

"मिस्त्री, तुम्ही सामान तरी चांगलं घालता का?" काकांनी विचारले.

"काका, सील काय मी घरी थापतो का?" मिस्त्री म्हणाले.

"मग गळतं कसं?"

"तेच मला कळलं असतं तर मी तुमचं तोंड इतक्या वेळा कशाला बघितलं असतं?"

सिस्टरबाई दोघांच्या मध्ये उभ्या होत्या. "तुम्ही दोघं आधी भांडून घ्या," त्या म्हणाल्या, "आणि उरलेल्या वेळात माझी गाडी बघा."

यानंतर जे घडले ते सांगण्यास मला अत्यंत खेद होतो. तेलात फेस झाला म्हणजे पेटीला जोर लावता येत नाही. एका फेरीत, शेवटच्या चढावर, इंजिन ओरडत राहिले आणि माझी चाके जागची हलेनात. जिला घोरपड म्हणत ती मी, मागे घसरून बांधाला टेकले. सिस्टरबाईंनी लसींची पेटी खांद्याला अडकवली आणि चालत वर गेल्या. तेथे एक आजोबा होते, त्यांच्या पायाची जखम दर आठवड्याला धुऊन बांधावी लागे. ती जखम त्या दिवशी संध्याकाळ होता होता बांधली गेली. बर्फ वितळून लसी मात्र वाया गेल्या.

दवाखान्याच्या अधिकारी मॅडमनी सिस्टरबाईंना बोलावून घेतले. त्या दुष्ट नव्हत्या. "सिस्टर, पुढच्या फेरीत गाडी थांबली तर मला डोंगरावरची फेरी बंद करावी लागेल," त्या म्हणाल्या. "लोकांना खाली यायला सांगू."

"त्या आजोबांना कोण आणणार खाली?" सिस्टरबाईंनी विचारले.

सिस्टरबाई गॅरेजात आल्या आणि त्यांनी हे सारे मिस्त्रींना सांगितले. मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "ताई, एक गंमत बघा. गाडी माझ्याकडे असली की कोरडी. तुमच्याकडे गेली की ओली. म्हणजे गळती गाडीत नाही, तुमच्या घरात आहे. फेरीच्या दिवशी सकाळी मी येतो. पावडरचा डबा तेवढा काढून ठेवा."

"कसली पावडर?"

"तोंडाला लावायची. गाडीच्या पोटाला लावतो."

ठरलेल्या सकाळी मिस्त्री आले. त्यांनी माझी पेटी माथ्यापासून तळापर्यंत धुतली, पुसून कोरडी केली आणि तिच्यावर पांढरी पावडर भुरभुरली. ओल्या जागी पावडर भिजते आणि वाट दाखवते. ते खालून बाहेर येत होते, इतक्यात काका आले. हातात नरसाळे आणि तेलाचा डबा. त्यांनी इंजिन चालू केले, पट्टी पाहिली, चुकचुकले आणि ओतू लागले.

मिस्त्री माझ्या चाकाशी बसल्या बसल्या त्यांच्याकडे पाहत राहिले. "काका, हे काय चाललंय?"

"रोजचंच. गळून कमी होतं ना, म्हणून भरतो."

"रोज? गार गाडीत?"

"चालू ठेवून बघायचं म्हणालात ना तुम्ही. चालूच आहे."

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला, तो तेलकट हात तसाच उमटला. मग काकांना शेजारी बसवून त्यांनी मला नदीपर्यंत पिटाळले आणि परत अंगणात आणून उभे केले. सतरंजी टाकली आणि काकांना माझ्याखाली शिरायला लावले. दोघे शेजारी शेजारी पाठीवर पडले. मिस्त्रींनी हातातली विजेरी लावली. शेपूट नाही, तळ नाही. पांढऱ्या पावडरीवर एकच तांबडी रेघ होती, आणि ती पेटीच्या माथ्यावरून, त्या बारीक नळीपासून, खाली आली होती.

अखेर कोणीतरी वर पाहिले.

"ओतलेलंच बाहेर येतंय, काका," मिस्त्री म्हणाले. "वरची खूण तापलेल्या गाडीची. मीही तुम्हाला अर्धंच सांगितलं. मला वाटलं, एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं."

काका माझ्याखालून बाहेर आले नाहीत. आतूनच म्हणाले, "आमच्या शेजारच्या गिरणीत पाणी खुणेखाली गेलं होतं. बॉयलर राखणारा चहाला गेलेला, आणि बॉयलर फुटला. तिथली माणसं सापडलीसुद्धा नाहीत. मी तेव्हा नवा होतो."

सिस्टरबाई पायरीवर उभ्या होत्या. त्या रागावणार असे मला वाटले, आणि त्यांना तसा पूर्ण अधिकार होता. त्या खाली वाकल्या आणि म्हणाल्या, "हा बॉयलर नाही. उठा आता. सदरा बदला आणि माझ्याबरोबर चला. वर पोचल्यावर तापलेल्या गाडीत तुम्हीच बघा."

मिस्त्रींनी जास्तीचे तेल काढून टाकले आणि आम्ही निघालो. शेवटच्या चढावर इंजिनाचा आवाज वाढला तेव्हा काकांनी डोळे मिटून घेतले. मी चढले. थांबले नाही, घसरले नाही. वरच्या वस्तीत सिस्टरबाई आजोबांचा पाय धुवायला बसल्या आणि काकांनी बॉनेट उघडून पट्टी काढली. तेल वरच्या खुणेवर नेमके होते. त्यांनी पट्टी पुसली, पुन्हा बुडवून पाहिली, पुन्हा पुसली. नंतर ती जागेवर ठेवून ते आत गेले आणि आजोबांच्या पायाखाली बादली धरून बसले. डोंगरावरची फेरी बंद झाली नाही.

आजही काका रोज सकाळी माझ्याजवळ येतात. पट्टी काढतात. तेल खालच्या खुणेवर असते. त्यांचा हात क्षणभर अवघडतो. मग काहीही न ओतता ते पट्टी परत ठेवतात आणि बॉनेट बंद करतात. माझ्यासाठी आजवर अनेकांनी अनेक कष्ट घेतले, परंतु यासारखे कठीण काम माझ्यासाठी कोणी केल्याचे मला आठवत नाही.

म्हणून मित्रांनो, माझी तुम्हांस हात जोडून विनंती आहे, हात नसले तरी. यंत्रावर माया जरूर करा. परंतु ओतण्यापूर्वी पाहा, आणि पाहताना केवळ डागाकडे पाहू नका. तो कोठून आला तिकडे मान वर करा. ज्याला बोलता येत नाही त्याची काळजी घ्यायची, तर त्याला काय हवे हे आपल्या सवयीला विचारून चालत नाही.

आपण माझी ही लांबलेली हकीकत शेवटपर्यंत वाचलीत, याबद्दल मी आपली अत्यंत आभारी आहे.

आपली नम्र,
घोरपड