गणराजची पेज

माझ्या दिराला, दत्तारामला, सदुसष्ट साली विषमज्वर झाला तेव्हा मी त्याला एकवीस दिवस पेजेवर ठेवलं. तो बरा झाला. तेव्हापासून दिवेआगरच्या आमच्या घरात आजाऱ्याचं पथ्य मीच ठरवत आले.

गेल्या वर्षी माझ्या मुलाला, गणराजला, रक्ताचा कॅन्सर निघाला. पहिल्या केमोनंतर त्याच्या फुफ्फुसात बुरशी शिरली. मला बुरशी ठाऊक होती ती ओल्या सुपारीवरची. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी फुफ्फुसातल्या बुरशीवरचं, प्यायचं दाट पांढरं औषध देऊन घरी पाठवलं. बुरशी आटोक्यात आल्याशिवाय पुढची केमो देता येणार नव्हती, आणि केमोशिवाय कॅन्सर थांबणार नव्हता.

"आई, हे भरपेट जेवणाबरोबर द्यायचंय, तूप-तेल असलेल्या," सून प्रणाली म्हणाली. "कागदावर लिहिलंय."

"लिहिणाऱ्याने कधी आजारी माणूस सांभाळलाय? त्याला ओकाऱ्या होतायत आणि तू तूप ओत!"

मी पेजच दिली. पातळ, मिठाची. ती पोटात ठरायची, म्हणून गणराजही माझ्याच बाजूने बोलला.

पंधरा दिवसांनी तपासणी झाली. छातीतला डाग वाढला होता. रक्तात औषध जवळजवळ नव्हतंच.

"औषधाबरोबर काय खाता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

गणराजने माझ्याकडे पाहिलं.

"पेज," मी म्हणाले.

"आजी, हे औषध तूप-तेलाशिवाय अंगाला लागत नाही."

 परतताना माणगावला मी प्रणालीकडून तो कागद मागून घेतला.

मागच्या मोठ्या वादळात आमच्या वाडीतले सव्वीस माड गेले होते, नऊ राहिले होते. त्या उरलेल्या माडांचेच नारळ फोडून मी रोज ताजा रस काढू लागले. भातावर तूप, आमटीत दाट रस, आणि जंतू नकोत म्हणून सगळं उकळलेलं. पहिल्या दिवशी दोन घास खाऊन गणराज उठायला लागला.

"बस खाली. दत्तारामकाकाला–"

"काकाला तू पेज दिली होतीस. हजारदा ऐकलंय."

"तिथे चुकले नव्हते. तुझ्या वेळी चुकले."

तो हसला आणि तिसरा घास घेतला.

तीन आठवड्यांनी रक्तात औषध पुरेसं भरलं. त्यापुढच्या तपासणीत डाग लहान झालेला दिसला आणि केमोची तारीख मिळाली.

निघायच्या दिवशी सकाळी त्याने पेज मागितली. मी प्रणालीकडे पाहिलं.

"आधी जेवण आणि औषध," ती म्हणाली. "मग पेज."

मी नारळ फोडायला घेतला.