ट्राममध्ये ग्यानोबाची जागा

लातुरात ट्राम परत आली नाही. धम्मप्रियाची नोकरी मिळायच्या आधीच गेली, आणि गंजगोलाईच्या गोल बाजारपेठेशेजारी ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या डब्यात सध्या एका कुत्रीची पाच पिल्लं राहतात. पिल्लांची तब्येत चांगली आहे. झालं ते एवढंच. आता हे आपल्या कानावर आलेलंच नाही असं धरून चालू, कारण त्या वर्षी सगळं लातूर तसंच धरून चाललं होतं.

तर ट्राम परत येणार होती. अडचण एकच होती, ती आधी कधी आलेली नव्हती. योजना वरून उतरली होती आणि ती फक्त अशा शहरांसाठी होती, जिथं पूर्वी ट्राम धावत होती. वारसा जपायचा होता. नसलेला वारसा जपायला थोडी जास्त मेहनत लागते, म्हणून 'ट्राम पुनरुज्जीवन कक्ष' नावाची एक खोली उघडली गेली. त्या खोलीत त्याआधी मतपेट्या ठेवत.

कक्षानं सगळ्यात आधी चालक निवडून टाकला. मग शहर पात्र आहे का हे, पूर्वी ट्राममध्ये बसलेल्या म्हाताऱ्यांच्या साक्षीवरून, बघायचं ठरलं. चालक म्हणजे धम्मप्रिया. वय एकतीस, आयटीआय इलेक्ट्रिशियन, मोबाईलच्या दुकानात चार्जर दुरुस्त करणारी. तिला तीन महिने कोलकात्याला पाठवून ट्राम शिकवून आणली. परत आली तेव्हा ती मराठवाड्यातली एकमेव ट्रामचालक होती. मराठवाड्यात ट्राम नव्हती. बघायला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, पोरगी काय करते? घरच्यांनी सांगितलं, ट्राम चालवते. कुठं? घरच्यांनी चहा पुढं केला. पाहुणे चहा पिऊन गेले.

नियुक्तीपत्रात लिहिलं होतं की नोकरी ट्राम धावेल त्या दिवसापासून धरली जाईल, मात्र त्या दिवशी वय तेहतीसच्या आत असावं. धम्मप्रियानं ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाबासाहेबांच्या फोटोमागं ठेवलं. घरात त्याहून सुरक्षित जागा नव्हती.

कक्षप्रमुख अमृतराव साहेबांनी तिला एकदा बोलावून विचारलं, "तुमच्या घरात म्हातारं माणूस आहे का?"

"आबा हायत. अठ्ठ्याऐंशीचे."

"ध्यान ठिकाणावर आहे?"

"हाव. एकदम."

"मग थोडं अवघड आहे," साहेब म्हणाले, "पण बघू."

आबा म्हणजे तिच्या वडलांचे वडील, ग्यानोबा. चाळीस वर्षं धान्याच्या गंजात पोती वाहिलेला माणूस. गोलाईला मिळणारे सोळाच्या सोळा रस्ते त्यांना पाठीवरच्या ओझ्यानं ओळखत. साक्षीच्या दिवशी ऑटोत धम्मप्रियानं त्यांना समजावलं, "आबा, एवढंच म्हणायचं. निजामाच्या टायमाला लहानपणी ट्राममधी बसलो होतो. बास."

"ट्राम कशी असती?"

तिनं मोबाईलवर दाखवली. आबांनी मोबाईल लांब धरला, जवळ धरला.

"ह्याच्यात गुमान बसायचं आसतंय?"

"हाव."

"आन् तुला नोकरी लागती?"

"लागती."

"मंग सांगतो की."

आणि आबांनी सांगितलं. असं सांगितलं की अमृतराव साहेबांनी पेन खाली ठेवला. पिवळी ट्राम. हैदराबादचा ड्रायव्हर, तोंडात पान, एका हातानं घंटी वाजवायचा आणि दुसऱ्या हातानं बैलगाड्यांना शिव्या द्यायचा. तुरीच्या पोत्यांचा वास. वळणावर चाकं कशी किरकिरायची, हे त्यांनी तोंडानं करून दाखवलं. धम्मप्रियाला क्षणभर वाटलं, होती की काय. आपणच उशिरा जन्मलो.

"आणि तुम्ही कुठं बसला होता?" साहेबांनी विचारलं.

"बसलो न्हाई. मागच्या पायरीवर हुबा होतो. दांडीला धरून."

"जागा नव्हती?"

"जागा लई होती. चार बाकडी रिकामी होती."

साहेबांनी खाली मान घालून लिहिलं, 'साक्षीदार उभे होते.' आबांचा अंगठा घेतला नाही, कारण आबा सही करत. सही करायला त्यांना दोन मिनिटं लागली.

बाहेर आल्यावर धम्मप्रिया म्हणाली, "आबा, ट्राम खोटीच होती ना?"

"हाव."

"मग बसायचं की. खोट्यातबी हुबंच राहायचं व्हय?"

आबा चपलेचा पट्टा ओढत म्हणाले, "ट्राम खोटी आसंल माय. लातूर तर खरं हाय. बसलो म्हणलो आसतो तर कोणी इश्वास ठिवला आसता का?"

त्यांचं बरोबर निघालं. ह्याच योजनेसाठी नांदेडहूनही तीन साक्षीदार गेले होते. तिघंही खिडकीपाशी बसले होते आणि तिघांच्या ट्रामचा रंग वेगळा होता. नांदेड बाद झालं. लातूरच्या साक्षीवर वरच्या समितीनं शेरा मारला, की रिकामी बाकडी असताना पायरीवर उभं राहिल्याचा तपशील कोणी मनानं रचणार नाही, सबब लातुरात ट्राम होती.

दोन महिन्यांत ट्रेलरवरून डबा आला. गोलाईशेजारी साठ मीटर रूळ पडले. पुढं रूळ गोलाईभोवती फिरून जिथून निघाले तिथंच येणार होते. म्हणजे ट्राममध्ये बसून कुणालाच कुठं जाता येणार नव्हतं. त्याला कोणाची हरकत नव्हती. हरकत आली ती वेगळीच.

गोलाईवरचे कापडाचे व्यापारी वीरण्णा अप्पा पेपर घेऊन कक्षात आले. पेपरात आबांची साक्ष छापून आली होती.

"बाकडी रिकामी होती असं कसं लिहिता तुम्ही?" अप्पा म्हणाले. "आमचे आजोबा पान खायला उतरले होते. बाकड्यावर उपरणं टाकून गेले होते. ह्या म्हाताऱ्याला दिसलं नसंल, पोरगं होतं त्या वेळी."

यष्टीत खिडकीतून रुमाल टाकला की जागा आपली, हे लातुरात तान्ह्या लेकरालाही कळतं. त्यामुळं अप्पांचं म्हणणं कक्षाला खोडता आलं नाही. खिडकीची जागा अप्पांच्या घराण्याच्या मानाची ठरली. दुसऱ्या दिवशी निलंग्याच्या एका घराण्याचा आजोबा उतरला होता, लघवीला. त्याचा टॉवेल होता. महिन्याभरात बत्तीस जागांवर दोनशे अकरा आजोबांनी काही ना काही टाकलेलं निघालं, आणि आदेश आला, जागांच्या मानाचा निकाल लागेपर्यंत ट्राम जागची हलवू नये. मागच्या पायरीवर मात्र कोणीच हक्क सांगितला नाही.

एक वाक्य बोललं की हे सगळं मिटणार होतं. ट्राम नव्हतीच, एवढंच वाक्य. ते धम्मप्रियाच्या जिभेवर दिवसातून चार वेळा यायचं. पण त्यानं भांडणाबरोबर नोकरीही मिटली असती, म्हणून ती गिळायची आणि चार्जर उघडून बसायची.

दर सोमवारी ती डब्यात जाऊन घंटी वाजवायची, गंजू नये म्हणून. आबा सोबत यायचे. ती पुढं हँडलपाशी उभी राहायची आणि आबा मागच्या पायरीवर, दांडीला धरून.

एका सोमवारी ती म्हणाली, "आत या की आबा. बसा. कोणी न्हाई."

आबांनी आत वाकून बघितलं. बत्तीसच्या बत्तीस जागांवर कापडं पडली होती. उपरणी, टॉवेल, एका जागेवर अप्पांच्या दुकानातला नवा कोरा शर्टपीस, किमतीच्या चिठ्ठीसकट.

"रुमाल टाकलेत की," आबा म्हणाले.

धम्मप्रियानं सगळ्यात जवळच्या टॉवेलाला हात घातला.

"ऱ्हाऊ दे. कोणी बघितलं तर अर्ज करतंय. तुझी नोकरी हाय."

तिनं हात मागं घेतला. घंटी वाजवली. ट्राम हलली नाही. आबांनी मात्र वळण आल्यासारखा तोल सावरला आणि तोंडानं चाकांची किरकिर केली.

फेब्रुवारीत आबा गेले. एप्रिलमध्ये तिला तेहतीस पूर्ण झाली. मे महिन्यात कक्ष बंद झाला आणि खोलीत मतपेट्या परत आल्या. निदान त्या तरी आधी तिथं होत्या.

धम्मप्रियाला नोकरी गेल्याचं इतकं काही वाटलं नाही, किंवा वाटलं ते जेवण करून, भांडी घासून उरलेल्या वेळात मावलं. मावला नाही तो टॉवेल. हात लावला होता, उचलला नव्हता. ज्या नोकरीसाठी उचलला नव्हता ती आता नव्हती, आणि टॉवेल होता.

ती अमृतराव साहेबांना जाऊन भेटली. ते आता जन्म-मृत्यूच्या टेबलावर होते. साक्षीत एक ओळ बदलायची आहे, असं तिनं सांगितलं.

"दुरुस्तीला मूळ साक्षीदार स्वतः हजर लागतो," साहेब म्हणाले. मग ह्या टेबलावर आल्यावर आबांच्या मृत्यूचा दाखला आपणच दिला होता हे त्यांना आठवलं. "तुम्ही अर्ज देऊन ठेवा. घेतो मी. कुठं पाठवायचा, ते बघू."

तिनं तिथंच उभ्यानं अर्ज लिहिला.

प्रति,
मा. कक्षप्रमुख,
ट्राम पुनरुज्जीवन कक्ष (बंद), लातूर.

विषय: मयत साक्षीदार ग्यानोबा यांच्या साक्षीत दुरुस्ती करणेबाबत.

महोदय,

वरील विषयी विनंती की, माझे आजोबा निजामकाळी लातूरच्या ट्राममधून गेले तेव्हा ते 'उभे होते' असे आपल्या दप्तरी नमूद आहे. ते नजरचुकीने झाले आहे. ते बसले होते. खिडकीजवळ बसले होते. तरी तशी नोंद घेण्यात यावी, आणि सोबत जोडलेला त्यांचा रुमाल सदर जागेवर टाकण्यात यावा, ही नम्र विनंती.