खिळ्यावरचा निळा फ्रॉक

"तिला काही विचारायचं नाही. कपडे बदलायचे, केस सारखे करायचे आणि जणू काही झालंच नाही अशी वर्गात पाठवायची."

मित्रांनो, मी एक जुना निळा फ्रॉक आहे आणि हे शाळेत माझ्या कानावर पडलेले पहिले शब्द. ते मोठ्या बाईंचे, म्हणजे आमच्या प्राथमिक शाळेच्या पहिल्या मुख्याध्यापिकांचे. शाळेच्या मावशींच्या हातात मला देताना त्या हळू आवाजात हे म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे.

गणवेशाच्या ताग्यातल्या उरलेल्या कापडातून मला शिवलं. शिंप्याला मोठ्या बाईंनी बजावलं होतं, "रंग तोच, कॉलर तीच, बटणंसुद्धा तीच. वेगळा दिसला तर त्याचा उपयोग नाही."

शिंपी हसला. "तासाभरासाठी तर घालायचा, बाई! एवढं कोण बघतंय?"

"पोरं बघतात," बाई म्हणाल्या. "आणि तो तास त्या पोरीला जन्मभर आठवतो."

पहिली-दुसरीतली मुलं ती. कुणाला शू आवरायची नाही, कुणाला वर्गातच उलटी व्हायची. मावशी त्या मुलीला हळूच बाहेर न्यायच्या, मला तिच्या अंगात घालायच्या. माझ्या खिशात मोठ्या बाईंनी एक लिमलेटची गोळी ठेवलेली असायची. डोळे पुसत आलेली मुलगी गाल फुगवून वर्गात परत जायची. इतर मुलींत मिसळली की ती कोणती, हे मलाही सांगता आलं नसतं. माझं कुणी कधी कौतुक केलं नाही. मी आहे हेच कुणाला कळत नव्हतं, यातच माझं सगळं कौतुक आलं.

शाळा सुटल्यावर मोठ्या बाई मला स्वतः धुवायच्या. एखादा नेम सांभाळावा तशा, न चुकता, न बोलता. त्या ओलीची मला कधी किळस आली नाही. लहान मुलाची ओल ती, पाण्याने जाते. किळस कशाला म्हणतात ते मला पुढे कळलं.

मोठ्या बाई निवृत्त झाल्या, मावशीही गेल्या. गणवेश बदलला, हिरव्या चौकड्यांचा आला. माझ्या जागी हिरवा फ्रॉक शिवायला हवा होता. नवे मुख्याध्यापक सर म्हणाले, "जुना धड आहे ना? मग चालवा तोच." झालं! हिरव्या वर्गात मी एकटा निळा उरलो.

दुसरीच्या वर्गाला ज्या बाई होत्या, त्यांना सगळी शाळा टापटीप बाई म्हणायची. वर्ग आरशासारखा लख्ख. फळा पुसलेला, चपला रांगेत, खिडकीत एका कुंडीत रोप. तास चालू असताना कुणी जागेवरून उठायचं नाही, हा त्यांचा नियम. त्यांनी मला कपाटातून काढलं आणि फळ्याशेजारी खिळ्याला टांगलं.

"डोळ्यांसमोर असू दे," त्या म्हणाल्या. "धाक राहतो."

मित्रांनो, ज्याला लाज झाकायला शिवलं, त्याचीच लाज वाटावी म्हणून टांगलं. त्या खिळ्याचा गंज माझ्या खांद्याला लागला. तो मला तितका खुपला नाही.

त्या वर्गात एक बारकीशी मुलगी होती. घरी तिला टिकली म्हणत, म्हणून शाळेतही टिकलीच. एकदा ती उभी राहिली.

"बाई, शूला जाऊ?"

"सुट्टीत."

"बाई, खूप लागलीय."

"खूप लागलीय म्हणे! राणीसरकारांसाठी घंटा आधी वाजवू का?"

वर्ग हसला. टिकली बसली, मांडीला मांडी दाबून. सुट्टी व्हायच्या आतच व्हायचं ते झालं. बाईंनी मला तिच्या अंगात घातलं आणि तिला फळ्यासमोर उभं केलं. कुणी नाक धरलं, कुणी ओरडलं, "ए निळी!" बाईंनी त्यांना गप्प केलं नाही. उलट ओठांच्या कोपऱ्यात हसल्या. मग वाकून तिच्या कानात म्हणाल्या, "घरी सांगू नकोस हं. आईलाच लाज वाटेल."

त्या गोड आवाजाची मला शिसारी आली. टिकलीच्या अंगावर मी होतो आणि तिचं काळीज पाखरासारखं थरथरताना मला कळत होतं. मला वाटलं, टराटरा फाटून जावं.

दुसऱ्या दिवसापासून टिकलीने एक युक्ती काढली. पाणी प्यायचंच नाही! पण भरलेली बाटली परत गेली की आई रागवायची. म्हणून मधल्या सुट्टीत सगळे बाहेर गेले की ती खिडकीशी जायची आणि बाटली कुंडीत ओतायची. रोज. मी खिळ्यावरून बघायचो. मला हात नव्हते, तोंड नव्हतं.

रोप मात्र फोफावलं. सर वर्गात आले तेव्हा बघतच राहिले.

"वा बाई! काय टवटवीत ठेवलंय!"

"रोजची निगा, सर. दुसरं काय?" टापटीप बाई म्हणाल्या.

पहिल्याच बाकावर टिकली कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत बसली होती. तिच्याकडे दोघांपैकी एकानेही पाहिलं नाही. मुलीच्या तहानेवर वाढलेल्या त्या पानांचं कौतुक चाललं होतं. मित्रांनो, इतकी घाण मला लहान मुलांच्या कुठल्याच ओलीत दिसली नव्हती.

एके दिवशी टिकली पोट धरून बाकावरून खाली घसरली. अंगात सणकून ताप आणि कपडे पुन्हा ओले. तिला आजारी मुलांच्या खोलीत नेलं. पहिलीच्या वर्गावर नुकत्याच लागलेल्या धाकट्या बाई मला घेऊन तिच्याजवळ आल्या. मला बघताच टिकली भिंतीकडे सरकली.

"निळा नको. निळा नको ना!"

धाकट्या बाई थबकल्या. त्यांचा हात आपसूक माझ्या खिशात गेला. खिसा रिकामा होता.

"यात गोळी असायची," त्या पुटपुटल्या. "मी घातलाय हा. तुझ्याएवढी होते तेव्हा."

टिकलीने मान वळवली. "तुम्ही पण?"

"मी पण."

"मग सगळे हसले?"

"कुणाला कळलंच नाही. तेव्हा सगळ्यांचेच फ्रॉक निळे होते."

त्यांनी मला बाजूला ठेवलं आणि आपली ओढणी टिकलीभोवती गुंडाळली. विचारलं मात्र काहीच नाही. तिचे केस सारखे करत बसल्या. न विचारताच टिकलीने सगळं सांगितलं. बाटली, कुंडी, निळी, सगळं.

"पण घरी सांगायचं नाही," ती शेवटी म्हणाली. "बाई म्हणाल्यात."

"आईपासून लपवायचं असं काही नसतं, राणी. तू एकटीने सांगायचं नाहीस. मी येते आणि आईला सांगते. आजच."

एवढ्यात सर आणि टापटीप बाई आत आले. धाकट्या बाईंनी ऐकलेलं सगळं त्यांना सांगितलं. सरांनी घसा खाकरला. "तुम्ही नवीन आहात. अजून कायम व्हायचंय. वर्गावर जा. इथलं आम्ही बघतो."

त्यांनी काय बघितलं ते मी खाटेवरून ऐकलं. टिकलीची आई कामावरून धावत आली, तेव्हा टापटीप बाई तिला समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "सकाळी उपाशी पाठवत जाऊ नका हो."

"दूध पिऊन आली होती, बाई."

"ओतून देतात मुलं. तुमचं लक्ष नसेल."

आईची मान खाली गेली. लेकीला उचलून ती डॉक्टरांकडे निघाली, आपलंच चुकलं असं समजून. गुन्हा एकाचा आणि मान खाली दुसऱ्याची! सरांचे आणि टापटीप बाईंचे कपडे मात्र परीटघडीचे होते. त्यांच्यावर एक डाग दिसत नव्हता.

मित्रांनो, मला परत कपाटात ठेवा, जाळा, पायपुसणं करा. माझं काही म्हणणं नाही. मात्र एवढं ऐका. जे मोठं माणूस तुम्हाला "घरी सांगू नकोस" म्हणतं, त्याचंच सगळ्यात आधी घरी सांगा. एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा. आणि वर्गात कुणाला निळी म्हणत असतील, तर तुम्ही म्हणू नका. तिच्याजवळ जाऊन बसा.

शाळा सुटली. धाकट्या बाई आल्या, मला उचललं आणि घडी घालून पिशवीत ठेवलं. मग दुसरीच्या रिकाम्या वर्गात गेल्या. टिकलीची बाटली खिडकीत कुंडीशेजारी तशीच राहिली होती. त्यांनी ती विसळून काठोकाठ भरली.

सरांच्या खोलीचं दार उघडं होतं. "कुठे निघालात?" आतून आवाज आला.

"टिकलीच्या घरी," त्या म्हणाल्या, हळूच, आणि चालत राहिल्या.