बॉनेटवरची चार बोटं जागा

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. रंगाने गडद निळी, वयाने बावीस वर्षांची आणि स्वभावाने संशयी. हा स्वभाव मला कारखान्यातच जडला असावा. तिथे रंगाचे थर अंगावर बसले आणि प्रत्येक थरानंतर कोणीतरी दिवा धरून माझ्यात खोट शोधत राहिलं. जन्मतःच जिची अशी झडती घेतात, तिने कोणावर विश्वास ठेवायचा?

माझे मालक शाळेत भूगोल शिकवत. मागच्या सीटवर नकाशांच्या गुंडाळ्या आणि त्यांच्या शेजारी दप्तर मांडीवर घेऊन बसलेली त्यांची लेक, असा आमचा रोजचा प्रवास असे. तेव्हा माझा काय तोरा होता म्हणून सांगू! शाळेतले इतर मास्तर माझ्या दारात बघून भांग पाडत. मालक दुरून बघत आणि मिशीत हसत.

पुढे मालक निवृत्त झाले आणि त्यांच्या डोळ्यांपुढे धुकं साचू लागलं. मोतीबिंदू. दोन वर्षं त्यांनी चाक हातात धरलं नाही आणि मी घराच्या पत्र्याखाली उभी राहिले. पण सकाळ चुकली नाही. चहा झाला की ते पिवळं फडकं घेऊन येत आणि धुळीसकट मला गोल गोल पुसत. बॉनेटच्या पुढच्या कडेवर त्यांचा हात सगळ्यात जास्त वेळ फिरे. मग घराकडे तोंड करून विचारत, "चमकतेय ना गं?"

लेक आतूनच सांगे, "हो बाबा, आरशासारखी."

आता खरं सांगते. मी आरशासारखी नव्हते. उन्हात बघाल तर माझ्या अंगभर बारीक गोल ओरखड्यांची जाळी पसरली होती. हे कोणी केलं? मी शेजारच्या मांजरीवर संशय घेतला. मग धुलाईवाल्यावर, त्याच्या राठ ब्रशवर, वाऱ्यावरसुद्धा. डोळ्यांत तेल घालून पहारा केला, पण चोर सापडेना.

मग मालकांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. दवाखान्याजवळ लेकीची आत्या राहते, तिच्याकडे ते आठ दिवस राहणार होते. त्यांना सोडून आल्यावर लेक माझ्यापुढे उन्हात बराच वेळ उभी राहिली. "आता बाबांना सगळं दिसणार," ती पुटपुटली. दुसऱ्याच दिवशी तिने मला बाहेर काढलं. मला विकायला नेतायत, दुसरं काय!

गाडी थांबली ती पॉलिशच्या सामानाच्या दुकानापुढे. काउंटर रस्त्यालाच लागून, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. दुकानदार बाहेर आला, बॉनेटवर तिरका टॉर्च मारला आणि म्हणाला, "ताई, हे कोरड्या फडक्याचं काम. कोण पुसतं हिला?"

लेक म्हणाली, "मीच."

मी चाट पडले. हिने आयुष्यात मला कधी फडकं लावलं नव्हतं! ही खोटं का बोलते? कुठेतरी पाणी मुरत होतं. आणि मग ते कुठे मुरतंय हे माझ्या ध्यानात आलं आणि मला फार वाईट वाटलं. मी आख्ख्या गल्लीवर संशय घेतला, पण त्या पिवळ्या फडक्याकडे आणि ते धरणाऱ्या हाताकडे एकदाही बघितलं नव्हतं. लेकीला मात्र ते ठाऊक होतं. मालकांची नजर परत यायच्या आत तिला ही जाळी घालवायची होती, म्हणजे आपल्याच हाताने काय झालं ते त्यांना कळणार नाही.

दुकानदाराने दोन यंत्रं पुढे ठेवली. एक सरळ गरागरा फिरणारं, दुसरं फिरता फिरता डुलणारं. "पहिलीच वेळ ना? मग डुलणारं घ्या. ते सावकाश काम करतं, पण चूक पोटात घालतं. सरळवालं एका जागी जरा रेंगाळलं की रंग जाळतं." माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. न खपणारा माल गळ्यात मारतोय हा! मग त्याने ताठ आणि मऊ असे दोन स्पंज काढले, दोन बाटल्या काढल्या. कंपाउंड म्हणजे जास्त खरवडणारं, पॉलिश म्हणजे सौम्य. अंगात रुतलेली घाण उचलायला चिकणमातीसारखी वडी, कडा झाकायला कागदी चिकटपट्टी. शेवटी रंगाची जाडी मोजायचं मीटर त्याने वापरून परत द्यायच्या बोलीवर दिलं. एवढा भला माणूस? मला ते जास्तच खटकलं.

"आधी मऊ स्पंज आणि सौम्य पॉलिश," तो म्हणाला. "हातभर जागेवर करून बघा. त्याने भागलं तर पुढे जाऊच नका."

लेकीने मान हलवली, पण तिला ते पटलेलं नव्हतं. ती कवळ्या बनवते. दिवसभर लोकांचे खोटे दात घासून चकचकीत करते. "आमच्याकडे उलटं असतं," ती म्हणाली. "आधी खरखरीत, मग मऊ. मऊनेच सुरुवात केली तर दिवस सरेल."

"ताई, कवळीला जाडी असते. हिच्या रंगावरचा पारदर्शक थर कागदाहून पातळ आहे."

घरी आल्यावर लेकीने मला धुतलं. ओल्या अंगावरून वडी फिरवली, पुसून कोरडं केलं, पट्ट्या लावल्या. सगळं कसं निगुतीने. आणि मग वर्षांची सवय आड आली. हात आपसूक ताठ स्पंजाकडे गेला, कंपाउंडच्या बाटलीकडे गेला. मीटर पिशवीतच राहिलं. अगं नको, नको! पण माझं कोण ऐकतं? तिने बॉनेटच्या कडेजवळ यंत्र टेकवलं. अंग तापलं. चारच फेऱ्या झाल्या असतील, तिने स्पंज उलटा करून बघितला. पांढऱ्या स्पंजावर निळं आलं होतं.

निळं म्हणजे मी. माझं अंग होतं ते.

तिने यंत्र बंद केलं आणि पालथ्या बादलीवर बसली.  मग उठून मीटर काढलं आणि इंच इंच मोजत गेली. छतावर जाडी चांगली होती, दारांवरही होती. पण बॉनेटच्या पुढच्या कडेला, जिथे वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त माया झाली होती, तिथे जवळजवळ काही उरलं नव्हतं. तिने त्या कडेवर चार बोटं रुंद चिकटपट्टी लावली आणि तेवढी जागा तशीच सोडली. मग मऊ स्पंज घेतला, सौम्य पॉलिश घेतलं आणि पाच दिवस, रोज संध्याकाळी कामावरून आली की, थोडं थोडं करत राहिली. जाळी गेली, उरली ती फक्त पट्टीखालच्या चार बोटांत. दुकानदाराने खरंच सांगितलं होतं. त्याच्याबद्दल मी जे जे मनात आणलं, त्याची मला लाज वाटते.

आठव्या दिवशी मालक आले. फाटकातच काळा चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्यावर वाकले.

"हा म्हातारा कोण?"

"तुम्हीच आहात बाबा."

"अरेच्चा, मला कोणी सांगितलं नाही ते."

दोघं हसली. माझा जीव भांड्यात पडला. पण भूगोलाच्या मास्तरची नजर ती. नकाशावर चालावी तशी ती बॉनेटवरून सरकत सरकत कडेला आली आणि थांबली.

"हे काय गं?"

"माझ्याकडून राहिलं. पुसताना मीच ओरखडे पाडले होते."

"तू? तू कधी पुसलीस हिला?" त्यांनी त्या जागेवर हात ठेवला. हात आपोआप गोल फिरला आणि ओरखड्यांवरूनच फिरला. "हे माझं आहे. बाकी सगळीकडेही असंच होतं?"

"हो बाबा."

"आणि तू रोज आरशासारखी म्हणत होतीस."

लेक खाली बघत म्हणाली, "तुमच्याकडे सकाळचं तेवढंच एक काम उरलं होतं. ते कसं काढून घेऊ?"

मालक आत गेले. माझा संशय पुन्हा जागा झाला. आता हे मला विकणार, किंवा लेकीशी बोलणं टाकणार. पण ते बाह्या दुमडून बाहेर आले. "बादली आण," ते म्हणाले. "कसं पुसायचं ते दाखव."

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरी कोणी मायेनेच काही चुकीचं करत असेल, तर "छान, छान" म्हणून निघून जाऊ नका. शेजारी उभे राहा आणि नीट सांगा. मायेच्या माणसाला खरं ऐकून दुखतं, पण तो त्याने मोडत नाही. हे मला मालकांच्या घरात कळलं, तेही इतक्या उशिरा.

त्या सकाळी आयुष्यभर मुलांना शिकवलेला माणूस लेकीसमोर फडकं भिजवत उभा होता. "गोल नाही बाबा, सरळ," ती सांगत होती आणि ते "सरळ, सरळ" म्हणत हात ओढत होते. मग ते मागे सरून माझ्याकडे बघू लागले. "चमकतेय ना गं?"

लेकीनेही बघितलं. "अजून नाही," ती म्हणाली. "डावीकडचं राहिलंय."

मालक डावीकडे वळले आणि पुसू लागले.